विद्याशाखांची निवड आणि लिंगभाव : भारतीय विद्यापीठीय शिक्षणाचा आढावा

स्त्रिया विद्यापीठात पोहोचतात की नाही, हा एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेला प्रश्न भारतात आता पटनोंदणीच्या आकड्यांपुरता तरी बराचसा मागे पडला आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार 2021-22 मध्ये उच्च शिक्षणातील एकूण 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 2.07 कोटी विद्यार्थिनी होत्या. ढोबळ पटनोंदणी प्रमाण, म्हणजे 18 ते 23 या वयोगटाच्या लोकसंख्येशी एकूण पटनोंदणीचे गुणोत्तर, स्त्रियांच्या बाबतीत 28.5 तर पुरुषांच्या बाबतीत 28.3 टक्के होते. एकूण संख्येची दरी बुजत असताना तिच्याखालची दुसरी दरी मात्र कायम राहिली असून, विद्यापीठात पोहोचलेल्या मुली आणि मुले कोणते विषय घेतात, कोणते सोडतात आणि ही निवड नेमकी कोण, केव्हा व कशाच्या आधारे करते, हे प्रश्न आता अधिक महत्त्वाचे झाले आहेत. समाजशास्त्रज्ञ या दुसऱ्या दरीला क्षैतिज विलगीकरण म्हणतात. शिक्षणाची पायरी एकच असताना त्या पायरीवरील निरनिराळ्या शाखांत स्त्री-पुरुषांची वाटणी विषम होणे, असा या संज्ञेचा अर्थ आहे. वरच्या पायऱ्यांवर स्त्रिया कमी होत जाणे हे उभे विलगीकरण होय. या लेखात मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे, परंतु दोन्ही प्रकार एकमेकांत गुंतलेले असल्याने दुसऱ्याचा संदर्भही येणे अपरिहार्य आहे.

आजचे चित्र

या विषयावरील बरीचशी चर्चा अमेरिका आणि युरोपातील अनुभवावर उभी असल्याने मुली गणित आणि विज्ञानापासून दूर राहतात, हे त्या चर्चेत जवळजवळ गृहीत धरलेले असते. भारतातील आकडे या गृहीतकाला सरळ छेद देतात. 2021-22 च्या सर्वेक्षणानुसार पदवीपासून पीएच.डी.पर्यंतच्या सर्व स्तरांवर मिळून विज्ञान शाखेत 57.2 लाख विद्यार्थी होते आणि त्यांत 29.8 लाख विद्यार्थिनी होत्या, म्हणजे बी.एस्सी., एम.एस्सी.च्या वर्गांत मुलींचे बहुमत आहे. वाणिज्य शाखेत मुली आणि मुले जवळपास बरोबरीने आहेत, तर बी.एड. आणि परिचर्या म्हणजे नर्सिंग या अभ्यासक्रमांत मुलींची संख्या फार मोठी आहे. अभियांत्रिकीचे चित्र याच्या उलट असून, 2020-21 मध्ये पदवी स्तरावरील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत 71 टक्के मुले आणि 29 टक्के मुली होत्या. अभियांत्रिकीच्या आतही वाटणी सारखी नाही. संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्स या शाखांत मुली पुष्कळ दिसतात, तर यंत्र आणि खाणकाम या शाखांच्या वर्गांत त्या अगदी थोड्या असतात.

प्रवेश परीक्षांतही हीच विभागणी दिसते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बसणाऱ्यांत मुली निम्म्याहून अधिक असतात, तर अभियांत्रिकीच्या ‘जेईई मेन’ परीक्षेत त्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास राहते. अकरावी-बारावीला एकाच विज्ञान शाखेत, पुष्कळदा एकाच वर्गात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींची ‘पीसीएम’ आणि ‘पीसीबी’ या गटांत, म्हणजे गणिताच्या आणि जीवशास्त्राच्या वाटेने, होणारी ही फाळणी हाच भारतीय प्रश्नाचा खरा गाभा आहे. शुद्ध विज्ञानात बहुमत, वैद्यकात बरोबरी आणि अभियांत्रिकीत अल्पमत अशी ही त्रिस्तरीय रचना असल्यामुळे, जे स्पष्टीकरण या तिन्ही गोष्टींचा एकत्रित उलगडा करू शकत नाही ते भारतापुरते अपुरे मानावे लागते.

विषयांना लिंगभाव कसा चिकटला

कोणता विषय स्त्रियांचा आणि कोणता पुरुषांचा, ही समजूत इतिहासात घडत गेली आणि महाराष्ट्र हे या घडणीचे एक प्रमुख क्षेत्र होते. पुण्यात 1884 साली हुजूरपागेची शाळा सुरू झाली, तेव्हा मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम शिकवावा की घरसंसाराला उपयोगी पडेल असा वेगळा, यावर मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी उच्च शिक्षणाकडे नेणाऱ्या अभ्यासक्रमाच्या बाजूचे होते, तर ‘केसरी’ने त्यावर कडक टीका केली. धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाचा आदर्श समोर ठेवून 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले, तेव्हा मातृभाषेच्या माध्यमाबरोबर गृहव्यवस्था आणि आरोग्यशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. ज्या घरांनी मुलींना प्रचलित विद्यापीठात कधीच पाठवले नसते त्या घरांचे दार या योजनेमुळे उघडले, हे तिचे मोठे श्रेय आहे. मात्र स्त्रियांसाठी विद्येचे वेगळे दालन असावे ही कल्पनाही तिच्यामुळे दृढ झाली. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनाने अध्यापन आणि परिचर्या यांचे शिक्षण देऊन अनेक विधवा व निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे केले आणि हे दोन व्यवसाय मध्यमवर्गीय स्त्रियांसाठी प्रतिष्ठित ठरवले.

वैद्यकाचा इतिहास याहून वेगळा आणि या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलका आहे. पडदा आणि सोवळेपणा यांमुळे स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, अशी मागणी पंडिता रमाबाईंनी 1882 साली हंटर आयोगापुढे केली. 1885 मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी डफरिन निधी उभा राहिला, 1886 मध्ये मुंबईत स्त्री डॉक्टरांच्या हाती असलेले कामा रुग्णालय सुरू झाले आणि त्याच वर्षी आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. रखमाबाईंनी 1894 मध्ये लंडनमधून वैद्यकीय पात्रता मिळवली. 1916 मध्ये दिल्लीत केवळ स्त्रियांसाठी लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय निघाले. जी रूढी स्त्रीला घराबाहेर पडू देत नव्हती तिनेच स्त्री डॉक्टरची गरज निर्माण केल्यामुळे भारतात वैद्यक हा स्त्रियांना शोभणारा व्यवसाय लवकर ठरला. अभियांत्रिकीच्या बाबतीत अशी कोणतीही सामाजिक मागणी निर्माण झाली नाही. मद्रासजवळील गिंडी येथील महाविद्यालयातून ए. ललिता विद्युत अभियंता झाल्या त्या 1940 च्या दशकात, म्हणजे आनंदीबाईंनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने. विज्ञान संशोधनाचे दारही सहज उघडले नाही. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या भागवत, यांना 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आरंभी प्रवेश नाकारला आणि नंतर अटी घालून दिला. याच सोहोनींनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

स्वातंत्र्यानंतर धोरणाची भाषा हळूहळू बदलली. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने स्त्रियांसाठी गृहअर्थशास्त्र, परिचर्या, अध्यापन आणि ललितकला हे विषय विशेष योग्य मानले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला हंसा मेहता समितीने मात्र मुलामुलींच्या अभ्यासक्रमात लिंगानुसार भेद करण्याला विरोध केला, आणि 1964-66 च्या कोठारी आयोगाने ती भूमिका स्वीकारून शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान व गणित सर्वांना अनिवार्य करावे अशी शिफारस केली. त्यापूर्वी अनेक ठिकाणी मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा होती आणि ही मुभा घेणाऱ्या मुलीसाठी विज्ञानाचा रस्ता कोवळ्या वयातच बंद होत असे. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध रुजल्यावर प्रत्येक मुलगी निदान दहावीपर्यंत गणित शिकू लागली. आज विज्ञानाच्या वर्गांत दिसणाऱ्या बहुमताचा पाया या एका निर्णयाने घातला, असे म्हणण्यास पुरेसा आधार आहे, आणि निवडीचा क्षण पुढे ढकलला की निवड बदलते, हा त्यातून मिळणारा धडा आजही तितकाच लागू आहे.

क्षमता आणि आवड

निवडीतील फरकाचे सर्वांत जुने स्पष्टीकरण बौद्धिक क्षमतेचे आहे आणि संशोधनाच्या कसोटीवर ते सर्वांत दुबळे ठरले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी 2005 मध्ये 46 महाविश्लेषणांचा आढावा घेतला. एकाच प्रश्नावरील अनेक अभ्यासांचे निष्कर्ष संख्याशास्त्रीय पद्धतीने एकत्र करणे म्हणजे महाविश्लेषण. बहुतेक मानसिक गुणांत स्त्री-पुरुषांमधील फरक अत्यल्प किंवा नगण्य असून गणितही त्याला अपवाद नाही, असे या आढाव्यात दिसून आले. भारतात एम.एस्सी. गणिताच्या वर्गात बसणाऱ्या मुलींची संख्या पाहता क्षमतेचा मुद्दा येथे मुळातच टिकत नाही.

आवडीचे स्पष्टीकरण अधिक गंभीरपणे घ्यावे लागते. रोंग सू, जेम्स राउंड्स आणि पॅट्रिक आर्मस्ट्राँग यांनी 2009 मध्ये व्यवसायविषयक आवडींच्या कसोट्यांचे जे महाविश्लेषण प्रसिद्ध केले त्यात 5 लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. पुरुषांचा कल वस्तूंशी आणि यंत्रांशी संबंधित कामांकडे, तर स्त्रियांचा कल माणसांशी संबंधित कामांकडे, असा बराच मोठा फरक त्यात आढळला. परंतु या कसोट्या प्रामुख्याने अमेरिकी समाजात तयार झालेल्या आहेत, आणि त्या ज्या वयात दिल्या जातात तोपर्यंत मुलाच्या हाती पाना आणि मुलीच्या हाती बाहुली देणारे संस्कार पुरते मुरलेले असतात. शिवाय परिस्थिती बदलली की आवडही बदलते, याचा पुरावा संगणकशास्त्राच्या इतिहासातच आहे. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यास या विषयाच्या पदव्यांपैकी सुमारे 37 टक्के पदव्या स्त्रियांना मिळत होत्या आणि पुढे हे प्रमाण 20 टक्क्यांच्या खाली घसरले. एका पिढीच्या अवकाशात स्त्रियांचे मन मुळातून बदलले असे मानणे अशक्य आहे. बदलली ती त्या विषयाची सामाजिक प्रतिमा.

तुलनात्मक क्षमतेचे स्पष्टीकरण या दोहोंच्या मधले आहे. थॉमस ब्रेडा आणि क्लोटिल्ड नॅप यांनी 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय परीक्षांच्या आधारे असे दाखवले की, गणितात मुलांइतक्याच हुशार असलेल्या मुली वाचन आणि भाषेत त्यांच्यापेक्षा बऱ्याच पुढे असतात, त्यामुळे स्वतःचे बलस्थान ठरवताना त्या भाषेकडे झुकतात. मुलीपुढे अधिक पर्याय असतात म्हणून ती गणित सोडते, गणित जमत नाही म्हणून नव्हे, हा या अभ्यासाचा आशय शिक्षकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे.

घरात होणारा निर्णय

आवड आणि क्षमता या दोन्ही स्पष्टीकरणांत निवड करणारी व्यक्ती एकटी आणि स्वतंत्र आहे, असे गृहीत धरलेले असते. भारतात शाखा कोणती घ्यायची हे बहुधा कुटुंब ठरवते, आणि म्हणूनच भारतीय परिस्थितीवरील संशोधनाने कुटुंब केंद्रस्थानी आणले. मानवशास्त्रज्ञ कॅरोल मुखोपाध्याय यांनी यासाठी पितृकेंद्री कुटुंबरचना ही कल्पना मांडली. मुलगा हा कुटुंबाचा कायमचा आधार आणि मुलगी ही लग्नानंतर दुसऱ्या घरची, अशी ज्या रचनेत धारणा असते तेथे शिक्षणावरचा खर्चही त्याच हिशेबाने होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. भारतीय पालक मुलीला गणितात कच्ची मानत नाहीत. तिच्या शिक्षणावर किती खर्च करावा, तिला किती दूर पाठवावे आणि त्या शिक्षणाचा तिच्या लग्नावर काय परिणाम होईल, याचा ते विचार करतात. समाजशास्त्रज्ञ करुणा चानना यांनीही विद्याशाखांच्या निवडीवरील आपल्या लेखनात कुटुंबाच्या अपेक्षा आणि समाजीकरण, म्हणजे समाजाचे संकेत अंगवळणी पडण्याची प्रक्रिया, यांवर भर दिला आहे.

या मांडणीला संख्यात्मक आधारही मिळाला आहे. सोहम साहू आणि स्टीफन क्लासेन यांनी भारतातील उच्च माध्यमिक स्तरावरील शाखानिवडीचा अभ्यास करताना एकाच घरातील मुलगे आणि मुली यांची तुलना केली. घर एकच असल्याने उत्पन्न, जात आणि पालकांचे शिक्षण या बाबी दोघांना समान असतात. तरीही कला शाखेच्या तुलनेत विज्ञान, वाणिज्य यांसारख्या शाखांत जाण्याची मुलींची शक्यता मुलांपेक्षा टक्केवारीच्या सुमारे 20 अंकांनी कमी आढळली. गरिबी हे या विषमतेचे संपूर्ण उत्तर असू शकत नाही, हे या निष्कर्षातून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात 1983 पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली, जागा झपाट्याने वाढल्या आणि त्याबरोबर शुल्कही वाढले. जवळच्या अनुदानित महाविद्यालयातील बी.एस्सी. आणि दूरच्या शहरातील विनाअनुदानित अभियांत्रिकी यांच्या खर्चातील अंतर मोठे असल्याने, क्लासचे शुल्क, वसतिगृह आणि पुढे हुंड्याची धास्ती हे सर्व एकत्र धरून पालक मुलीसाठी बी.एस्सी. आणि मुलासाठी अभियांत्रिकी असा तोडगा काढतात. विज्ञानात मुलींचे बहुमत आणि अभियांत्रिकीत अल्पमत हे कोडे येथे पुष्कळसे सुटते, कारण विज्ञानाची साधी पदवी स्वस्त आहे, जवळ मिळते आणि पुढे बी.एड. करून शिक्षिकेच्या नोकरीकडे नेते. जातीचा संदर्भ जोडला की हा हिशेब आणखी कठोर होतो. शैलजा पाईक यांनी महाराष्ट्रातील दलित स्त्रियांच्या शिक्षणाच्या इतिहासातून जात आणि लिंग यांचा दुहेरी भेदभाव उलगडला आहे. जी मुलगी कुटुंबातील पहिलीच शिकणारी आहे तिच्या बाबतीत निवड हा शब्दच पुष्कळदा परिस्थितीला मोठा पडतो.

अंतर, सुरक्षितता आणि नोकरीचा बाजार

महाविद्यालयापर्यंतचा रस्ता हाही विषयनिवडीचा एक घटक आहे. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून असे दाखवले की, रस्त्यावरील छेडछाडीच्या भीतीमुळे विद्यार्थिनी अधिक सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी कमी दर्जाचे महाविद्यालय स्वीकारतात आणि प्रवासावर मुलांपेक्षा अधिक खर्च करण्यास तयार असतात. तालुक्याच्या गावी कला शाखा असते, विज्ञान शाखा कधी असते कधी नसते आणि अभियांत्रिकी जिल्ह्याच्या ठिकाणी असते, अशा ग्रामीण भागात अंतर वाढत जाते तसतशी मुलीची शाखा बदलत जाते.

नोकरीचा बाजारही मागे वळून निवडीवर परिणाम करतो. 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत खाणीत कामास मनाई केली होती आणि ती 2019 मध्ये काही अटींवर शिथिल झाली. 1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या रात्रपाळीवर निर्बंध घातले. ज्या क्षेत्रात प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रवेशच नव्हता त्याचे शिक्षण मुलीने घ्यावे, अशी अपेक्षा कोणते पालक करणार होते? याउलट संगणक क्षेत्रातील काम बंदिस्त कार्यालयात, शहरात आणि शारीरिक कष्टाविना होते. रोली वर्मा यांच्या अभ्यासांत भारतीय विद्यार्थिनी संगणकशास्त्राला स्त्रियांसाठी अनुकूल क्षेत्र मानतात असे दिसले, तर त्याच काळात अमेरिकेत तो विषय पुरुषी गणला जात होता. एकच विषय एका देशात पुरुषी आणि दुसऱ्या देशात स्त्रियांना सोयीचा ठरतो, यावरून लिंगभाव विषयाच्या आशयात नसून त्याभोवतीच्या कामाच्या रचनेत आहे, हे उघड होते.

देशोदेशींची तुलना

मारिया चार्ल्स आणि कॅरन ब्रॅडली यांनी 2009 मध्ये 44 देशांची तुलना केली, तेव्हा श्रीमंत औद्योगिक देशांत शाखांची लिंगाधारित विभागणी काही बाबतींत अधिक तीव्र असल्याचे दिसले. जेथे पोटापाण्याची चिंता कमी आहे तेथे स्वतःला आवडेल ते शिका असे सांगितले जाते आणि ही आवड समाजाने घडवलेल्या लिंगभावी प्रतिमांमधूनच आलेली असते, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. 2018 मध्ये गेसबर्ट स्टूट आणि डेव्हिड गिअरी यांनी यालाच लिंगसमानतेचा विरोधाभास म्हटले, म्हणजे समानता जितकी अधिक तितक्या विज्ञान-तंत्रज्ञानात स्त्रिया कमी. या लेखाला 2019 मध्ये दुरुस्ती जोडावी लागली, आणि 2020 मध्ये सारा रिचर्डसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापाची पद्धत बदलली की हा संबंध टिकत नाही असे दाखवले. मलेशियासारख्या देशात संगणकशास्त्राच्या वर्गांत स्त्रियांची संख्या मोठी असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. या वादातून एवढे निश्चित होते की, मुलींचा नैसर्गिक कल या नावाने एखाद्या देशाची आकडेवारी साऱ्या जगाला लावणे शास्त्रीय नाही.

उपाय आणि त्यांचे फलित

भारतीय तंत्रज्ञान संस्थांमध्ये 2016 च्या सुमारास पदवी स्तरावर मुलींचे प्रमाण जेमतेम 8 टक्के होते. 2018 पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा, म्हणजे मुलांच्या उपलब्ध जागा कमी न करता वाढवलेल्या जागा, निर्माण झाल्या आणि प्रमाण टप्प्याटप्प्याने 20 टक्क्यांपर्यंत नेण्याचे लक्ष्य ठरले, जे दोन-तीन वर्षांत जवळपास गाठले गेले. ज्या मुली प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊनही दूरची संस्था किंवा नकोशी शाखा मिळते म्हणून प्रवेश घेत नव्हत्या त्यांना त्यामुळे वाट मिळाली. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्रातील मुलींचे प्रमाण 1995 मधील 7 टक्क्यांवरून 2000 मध्ये 42 टक्क्यांवर गेले. प्रवेशाचे निकष, प्रारंभीचे अभ्यासक्रम आणि वर्गातील वातावरण बदलल्याचे ते फळ होते. बिहारने 2006 मध्ये नववीतील मुलींना सायकली दिल्या, तेव्हा कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढली.

पुण्यात 1991 मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. गृहव्यवस्थेला मान देणाऱ्या परंपरेतूनच अभियांत्रिकीची संस्था उभी राहिली, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने मोलाची घटना आहे. 2024-25 पासून राज्य शासनाने वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण प्रतिपूर्ती देण्याचा निर्णय घेतला. कुटुंबाच्या हिशेबातील सर्वांत मोठ्या रकमेलाच हा निर्णय हात घालतो, म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे. मात्र शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे. वसतिगृह, भोजन आणि प्रवेशपूर्व क्लास यांचा भार कायम राहिला तर या सवलतीचा लाभ शहरातील मुलींनाच अधिक होण्याची शक्यता आहे. ग्रामीण मुलींना एसटीने मोफत प्रवासाची सोय बारावीपर्यंत आहे, आणि शाखेचा निर्णय पक्का होतो तेव्हाच ती संपते.

समारोप

या सर्व संशोधनाचा एकत्रित विचार करता निवडीतील फरक मुलींच्या बुद्धीत किंवा स्वभावात शोधण्याचे दिवस संपले आहेत, असे म्हणावे लागते. भारतातील मुलगी विज्ञान निवडते, गणितही निवडते. ती अडते ती खर्च, अंतर आणि लग्नानंतरची नोकरी यांच्यापाशी. म्हणून या प्रश्नावरील धोरणाने विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी न थांबता दहावीनंतरच्या शाखानिवडीपासून पहिल्या नोकरीपर्यंतचा संपूर्ण मार्ग तपासायला हवा. संशोधन आणि विकासाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा अजून एक पंचमांशापेक्षा कमी आहे. विज्ञानाच्या वर्गातील बहुमत प्रयोगशाळेत का पोहोचत नाही, याचे उत्तर शोधल्याशिवाय पटनोंदणीच्या आकड्यांचे समाधान अपुरे राहील.

हा प्रश्न केवळ मुलींचा नाही, याचीही जाणीव ठेवणे आवश्यक आहे. परिचर्या, बालशिक्षण, गृहविज्ञान आणि भाषा या शाखांकडे वळू इच्छिणाऱ्या मुलाला कमावत्या पुरुषाच्या अपेक्षेखाली अभियांत्रिकीकडे ढकलले जाते, तेव्हा त्याचेही स्वातंत्र्य हिरावले जाते आणि स्त्रियांच्या म्हणून त्या विद्यांची प्रतिष्ठा आणि वेतनही खालच्या पातळीवर राहते. प्रत्येक शाखेत निम्म्या मुली आणि निम्मी मुले बसवणे हे समतेचे ध्येय असू शकत नाही. सारख्या गुणांच्या बहीण-भावांपैकी कोणाचीही शाखा त्यांच्या लिंगावरून ओळखता येणार नाही अशी स्थिती आणणे, हे ध्येय मात्र मोजता येण्याजोगे आहे आणि गाठता येण्याजोगेही आहे. गणित सर्वांना अनिवार्य करण्याच्या एका निर्णयाने दोन पिढ्यांत विज्ञानाचे वर्ग बदलले. वसतिगृहे, सुरक्षित वाहतूक आणि समान संधीची नोकरी यांबाबत तितक्याच ठामपणे निर्णय घेतले, तर अभियांत्रिकीचे आणि प्रयोगशाळांचे चित्र बदलण्यास तेवढा काळ लागण्याचे कारण नाही.